अकरा महिन्यांचे बिऱ्हाड

बारावीचा निकाल लागला की पुसदच्या घराघरांत दोन प्रश्न उभे राहतात. प्रवेश कुठे मिळणार हा पहिला आणि राहायचे कुठे हा दुसरा. पहिल्याचे उत्तर गुणपत्रिका देते. दुसऱ्याचे उत्तर शोधायला वडील रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला निघतात. फर्ग्युसन, बीएमसीसी, लॉ कॉलेज, गोखले इन्स्टिट्यूट या साऱ्या संस्था डेक्कन जिमखान्याच्या आसपास आहेत. म्हणून पायपीट सुरू होते ती प्रभात रोड आणि भांडारकर रोडच्या गल्ल्यांतून. दाट झाडी, शांत रस्ते, बंगल्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या देखण्या इमारती आणि त्यांतल्या कित्येक खिडक्या कायमच्या बंद. घर रिकामे असणे आणि घर मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे संध्याकाळपर्यंत कळून चुकते.

या बंद खिडक्यांची मोजदाद सरकारनेच केली आहे. केंद्राच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत २०११ च्या जनगणनेच्या आधारे म्हटले आहे की, देशातल्या शहरांत एक कोटी अकरा लाख घरे रिकामी होती. त्यांतली ४ लाख ८० हजार एकट्या मुंबईत. १९६१ मध्ये शहरांतली ५४ टक्के घरे भाड्याची होती. २०११ मध्ये हे प्रमाण २८ टक्क्यांवर आले. शिकायला आणि नोकरीला शहरात येणारे वाढले, भाड्याच्या घरांचा वाटा मात्र निम्म्यावर आला. असे का व्हावे?

उत्तराचा एक धागा, गंमत म्हणजे, पुसदजवळच्या गहुलीपर्यंत येतो. गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षे राज्याचे मुख्यमंत्री होते. मुंबईच्या भाड्यांवर तेव्हा १९४७ च्या कायद्याची पकड होती. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते, ते प्रमाण मानावे, असा तो कायदा. महागाई वाढत गेली, भाडे तिथेच राहिले. मालकांनी मग पळवाट काढली: भाडेकरू ठेवायचाच नाही, लिव्ह अँड लायसन्सवर 'परवानाधारक' ठेवायचा. १९७३ मध्ये सरकारने ती पळवाट बुजवली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे परवानाधारक घरात होते, त्यांना भाडेकरूचा दर्जा मिळाला.

त्या दिवशी हजारो बिऱ्हाडांना स्थैर्य मिळाले, हे नाकारता येणार नाही. पण ज्यांच्या हाती घराच्या किल्ल्या होत्या, त्यांनी एक धडा घेतला: घर दिले की गेले. त्यानंतर अनेकांनी कुलूप लावणे पसंत केले. मिळेल ती जागा पागडीवर मिळू लागली, तीही ओळखीने. विदर्भात तरी वेगळे काय होते? इथे सी. पी. अँड बेरारचा १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश होता. रेंट कंट्रोलरच्या परवानगीशिवाय मालकाला नोटीसही देता येत नसे. घर रिकामे झाले की तसे कळवायचे आणि मग जिल्हाधिकारी ते एखाद्या सरकारी नोकराला देऊ शकत. जुन्या वाड्यांतल्या माडीच्या खोल्या वर्षानुवर्षे बंद का राहिल्या, याचे थोडे उत्तर इथेही सापडेल.

३१ मार्च २००० पासून हे सारे जुने कायदे गेले आणि राज्यभरासाठी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. लंबक दुसऱ्या टोकाला गेला. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली की घर सोडायचे; न सोडल्यास दुप्पट दराने नुकसानभरपाई. मालकाची भीती कायद्याने दूर केली. तरीही त्याच्या मनातून ती गेली नाही आणि त्या भीतीचे नाव आहे 'अकरा महिने'.

या अकरा महिन्यांना महाराष्ट्रात आता काही अर्थ उरलेला नाही. इतर राज्यांत एक वर्षापेक्षा मोठ्या भाडेपट्ट्याची नोंदणी लागते, म्हणून लोक अकरावर थांबतात. आपल्याकडे कलम ५५ प्रमाणे करार कितीही मुदतीचा असो, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. न केल्यास दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. साठ महिन्यांपर्यंतच्या करारावर मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या पाव टक्का. समजा, तीन मुलांनी मिळून २५ हजार भाड्याचा फ्लॅट तीन वर्षांसाठी घेतला. भाड्याची एकूण रक्कम नऊ लाख, तिचा पाव टक्का २,२५० रुपये आणि नोंदणी फी एक हजार. अनामतीवरचे धरले तरी थोडीच भर पडते. मग अकरा महिन्यांचा आग्रह कोणाच्या फायद्याचा? दर नूतनीकरणाला एक महिन्याचे भाडे दलाली म्हणून घेणाऱ्याच्या, असेच म्हणावे लागते.

पैशाची बाजू अशी सुटू शकते. आडनावाची बाजू अवघड आहे. पुसद भागात बंजारा समाज मोठा आहे. वसंतराव नाईक त्याच समाजाचे. मुंबईत मलबार हिलवरच्या सरकारी बंगल्याला 'वर्षा' हे नाव त्यांनीच दिले आणि पुढे तो मुख्यमंत्र्यांचे निवासस्थान म्हणून ओळखला जाऊ लागला. त्याच समाजातल्या मुलाला आज पुण्यात घर पाहताना "राठोड म्हणजे कुठले?" असा प्रश्न येतो आणि पाठोपाठ "नॉनव्हेज चालतं का?" घटनेचे पंधरावे कलम दुकाने, हॉटेले, विहिरी, रस्ते यांचा उल्लेख करते; खासगी मालकाच्या घराचा करत नाही. २०२१ मध्ये केंद्राने आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला. त्यात निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याइतकीच असावी, अशी चांगली तरतूद आहे. तो स्वीकारायचा की नाही, हे राज्यांनी ठरवायचे. आडनावाच्या प्रश्नावर मात्र त्यातही उपाय नाही.

आणि पुसदकरांनी केवळ पुण्याकडे बोट दाखवावे, असेही नाही. १९८३ मध्ये इथे बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले आणि बाहेरगावची मुले खोल्या शोधत इथेही आली. जात आणि जेवण विचारून खोली देणारे घरमालक आपल्याही गल्लीत आहेत. करार नोंदवणारे किती, हे ज्याने त्याने आपल्याच घरात विचारावे.

राहता राहिले अकरा महिन्यांचे गणित. पदवी तीन वर्षांची धरू. पहिला करार १ जुलैला केला तर तो ३१ मे रोजी संपतो. दुसरा ३० एप्रिलला. तिसरा संपतो ३१ मार्चला. म्हणजे शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर आली असताना मुलगा पुन्हा घर शोधायला किंवा नव्या दलालीची तजवीज करायला बाहेर पडतो. यंदा घर पाहायला जाणाऱ्यांनी छत्तीस महिन्यांचा करार मागून पाहावा. मालक नाही म्हणाला तर त्याला कारण विचारावे आणि कलम ५५ चा मजकूर खिशात ठेवावा.