भुलेचे औषध आणि त्याचे वाहन

शस्त्रक्रियेपूर्वी भूल दिली की शुद्ध हरपते आणि वेदना जाणवत नाही, एवढेच सामान्य माणसास ठाऊक असते. परंतु शिरेतून दिलेले औषध केवळ मेंदूपुरते राहत नाही. ज्या रक्तातून ते वाहते, त्याच रक्तात रोगजंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशींचा पहारा असतो. त्या पहाऱ्यावर भुलेचा काय परिणाम होतो, हा प्रश्न म्हणूनच उपेक्षणीय नाही.

जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रोपोफॉलचे उदाहरण बोलके आहे. हे औषध पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. प्रारंभी ते एरंडेलापासून केलेल्या द्रव्यात मिसळले गेले. पण त्याने तीव्र ॲलर्जी उद्भवू लागल्याने ते सोडून द्यावे लागले. पुढे सोयाबीनचे तेल व अंड्यातील लेसिथिन यांच्या दुधाळ मिश्रणात ते 1986 मध्ये ब्रिटनच्या बाजारात आले. मात्र हे मिश्रण जंतूंनाही मानवते. 1990 ते 1993 या काळात अमेरिकेतील सात रुग्णालयांत, हाताळणीतील हलगर्जीमुळे दूषित झालेल्या प्रोपोफॉलमधून रुग्णांना संसर्ग झाला. 1996 मध्ये तेथे त्यात जंतूंची वाढ रोखणारे द्रव्य घालण्यात आले. औषध तेच, वाहन मात्र बदलत गेले.

प्रयोगशाळेत प्रोपोफॉलमुळे पांढऱ्या पेशींची हालचाल आणि जंतू गिळण्याची शक्ती मंदावलेली आढळली आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, काही प्रयोगांत नुसत्या तेलकट मिश्रणानेही तसाच परिणाम घडला. तेव्हा दोष औषधाचा की वाहनाचा, हे वेगळे काढूनच पाहावे लागते.

अर्थात परीक्षानळीतील निष्कर्ष रुग्णशय्येवर जसाच्या तसा लागू पडत नाही. स्तनाच्या कर्करोगाच्या 2,108 स्त्रियांवरील, 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका गटास शरीराचा भाग बधिर करून जोडीला प्रोपोफॉल, तर दुसऱ्यास वायुरूप भूल व अफूवर्गीय औषधे दिली होती. रोग उलटण्याचे प्रमाण दोन्हींत सुमारे 10 टक्केच राहिले. भुलेला भिऊन शस्त्रक्रिया टाळणे हा शुद्ध अविचार ठरेल.

मग पेच कोठे आहे? तो अर्थव्यवहारात आहे. पेटंट संपलेले औषध अनेक कारखाने बनवतात. नाव एकच, पण पूरक द्रव्ये निरनिराळी असू शकतात. खरेदी समितीच्या तक्त्यात नाव आणि दर एवढेच पाहिले, तर हा भेद दिसतच नाही. अशा स्वस्त औषधावर महागडे संशोधन करण्यात कोणत्याही कारखानदाराचा लाभ नाही. बाजाराला जेथे रस नाही, तेथे सार्वजनिक पैशानेच पुढे यावयास हवे.

हे अशक्य नाही. अणुऊर्जा विभागाच्या छत्राखालील मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने देशातील 11 केंद्रांत लिग्नोकेन या जुन्या, अल्पमोली बधिरकाचा अभ्यास केला. विषय किंचित वेगळा होता. पण शस्त्रक्रियेपूर्वी ते स्तनातील गाठीभोवती टोचल्यास पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण 86.4 वरून 90.1 टक्क्यांवर जाते, असे 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात म्हटले आहे. असा प्रश्न विचारण्यास नफ्याची प्रेरणा पुरली नसती.

भुलेच्या औषधांबाबत हीच दृष्टी हवी. खरेदी समित्यांनी दराबरोबर पूरक द्रव्यांचीही चौकशी करावी आणि शासनाने तौलनिक अभ्यासांसाठी निधी राखून ठेवावा. शुद्धीत नसलेला रुग्ण स्वतःसाठी काहीच विचारू शकत नाही. त्याच्या वतीने विचारणे हे समाजाचे कर्तव्य आहे.