विश्लेषण : माहीममध्ये दिवे क्वचितच जातात, मग इन्व्हर्टरची बॅटरी केवढी घ्यावी?

१२ ऑक्टोबर २०२०च्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदम गेली. लोकल जागीच थांबल्या. बाहेरचे ग्रिड कोसळले तरी मुंबईला वेगळे काढून दिवे चालू ठेवणारी ‘आयलंडिंग’ व्यवस्था १९८१पासून आहे. त्या दिवशी ती टिकली नाही. काही उपनगरांत वीज यायला संध्याकाळ झाली. २७ फेब्रुवारी २०२२च्या रविवारी दादर-माटुंगा पट्ट्यात पुन्हा तासभर दिवे गेले.

एरवी माहीममध्ये ‘बेस्ट’ची वीज सहसा जात नाही, आणि अडचण इथेच आहे. गावाकडे बॅटरी रोज वापरली जाते, ती कमजोर झाली की आठवड्यात कळते. इथे ती कोपऱ्यात चार्ज होत, न वापरताच म्हातारी होते आणि ऐनवेळी अर्ध्या तासात मान टाकते. म्हणून बॅटरीचा हिशेब तिच्या पहिल्या वर्षावर न करता शेवटच्या वर्षावर करावा, असे आमचे मत आहे.

हिशेब कसा करायचा?

दुकानात मिळणारी १५० एएच, १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १,८०० वॅट-तासांची असते. ती पूर्ण रिकामी करायची नसते, शिवाय इन्व्हर्टरही काही वीज खातो. हाती साधारण हजार वॅट-तास येतात. दोन साधे पंखे (१५० वॅट), चार एलईडी दिवे (४०) आणि वाय-फाय (१०) मिळून २०० वॅट, म्हणजे पाच तास. क्षमता ८० टक्क्यांवर आली की बॅटरी बदलायच्या वयाला पोहोचली असे धरतात. तेव्हा उरतात चार तास. नवेपणीचा हा जादा एक तास म्हणजे चैन नव्हे, बॅटरीच्या म्हातारपणाची ती तरतूद आहे.

घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असेल तर गणित पालटते. पाच लिटरचे यंत्र साधारण ३५० वॅट ओढते. वरच्या भारासह तीच जुनी बॅटरी दीड तासही टिकणार नाही, कारण भार वाढला की लेड-अ‍ॅसिड बॅटरीची क्षमता आणखी घटते. अशा घरांनी यंत्रासाठी वेगळी बॅटरी ठेवावी आणि भरलेला सिलिंडर हाताशी असू द्यावा. इन्व्हर्टरवर लिफ्ट चालत नाही, तेव्हा चौथ्या मजल्यावरून रुग्णाला खाली कसे आणायचे हेही आधीच ठरवलेले बरे.

विक्रेता अर्थातच दुसरी बॅटरी सुचवेल. जुन्या इमारतीतल्या दोन खोल्यांत ती ठेवणार कुठे? पाणी भरलेली एक ट्युब्युलर बॅटरी पन्नास-साठ किलोची. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते, त्यामुळे बंद कपाटात किंवा पलंगाखाली चालत नाही. लिथियम हलकी असते, पण महाग. त्यापेक्षा दोन पंखे बदलून ३० वॅटचे बीएलडीसी लावा. एकूण भार ११० वॅटवर येतो आणि म्हातारी बॅटरीसुद्धा सात तास काढते. फ्रिज इन्व्हर्टरवर घेऊच नका; दार उघडले नाही तर चारेक तास थंडावा टिकतो.

दर तीन महिन्यांनी, घरात कुणाचे यंत्र चालू नसताना, मेन स्विच बंद करून घड्याळ लावा. पाच तासांच्या जागी चार भरले, की नव्या बॅटरीचे पैसे बाजूला काढायला घ्या.