धामकांठचें पवनार

दिवाळीच्या सुटींत अमेरिकेहून आलेला आमचा पुतण्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर मुलांना तिकडील नदीकांठच्या एका लहानशा शहराची हकीकत सांगत होता. ओहायो व मिसिसिपी या दोन महानद्यांच्या संगमावर, इलिनॉय प्रांताच्या अगदीं दक्षिण टोंकाला तें वसलें आहे. वसविणारांनीं मोठ्या आशेनें त्याला मिसर देशाच्या राजधानीचें, म्हणजे कैरोचें, नांव दिलें. आगबोटींच्या दिवसांत त्याची भरभराट झाली. पुढें आगगाडीचे पूल झाले, मोटारींचे रस्ते झाले, आणि नदी ओलांडण्यासाठीं तेथें थांबण्याचें कोणाला कारण उरलें नाहीं. गोऱ्या-काळ्यांच्या वैरानें उरलेसुरलें ऐक्यही मोडलें. १९२० सालीं १५,००० हून अधिक असलेली वस्ती २०२० च्या खानेसुमारींत अवघी १,७३३ भरली.

हें ऐकून आमच्या धाकट्या नातीनें विचारलें, "आजोबा, शहराचें पुन्हा खेडें होतें का?"

आम्ही म्हटलें, "होतें तर! तसें एक आपल्या शेजारींच आहे. रविवारीं दाखवूं."

वाचकांपैकीं अनेकांनीं पवनार पाहिलें असेल. आमच्या सिंदी मेघेहून वर्धा ओलांडून नागपूरच्या रस्त्याला लागलें कीं अडीच-तीन कोसांवर धाम नदीचा पूल येतो. आश्रम पाहून लोक परततात. ज्या गांवाच्या नांवानें आश्रम ओळखला जातो, त्याकडे मात्र फारसें कोणी वळून पाहत नाहीं. त्या रविवारीं आम्ही मुलांना प्रथम गांवच दाखविलें.

इसवी सनाच्या पांचव्या शतकांत वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन यानें आपली राजधानी रामटेकजवळच्या नंदिवर्धनाहून प्रवरपूर येथें आणिली. त्याचे अनेक ताम्रपट या प्रवरपुराहून दिलेले आहेत. प्रवरपूर म्हणजेच आजचें पवनार, असें महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं प्रतिपादन केलें. अलीकडे कांहीं संशोधक हा मान मनसरला देतात. तो वाद पंडितांचा पंडितांनीं मिटवावा. परंतु १९६७ सालीं नागपूर विद्यापीठानें येथें उत्खनन केलें, तेव्हां वाकाटकांच्याही पूर्वीपासून या कांठावर माणसें नांदत होतीं, हें निर्विवाद दिसून आलें. प्रवरसेनाच्या नांवावर 'सेतुबंध' हें काव्य आहे, आणि तें महाराष्ट्री प्राकृतांत आहे. ज्या भाषेच्या पोटीं आपली मराठी जन्मली, तिच्यांत रामाच्या सेतूचें काव्य रचणारा राजा आपल्या विदर्भांत होऊन गेला, हें आपल्या मुलांना किती घरांत सांगितलें जातें?

वाकाटक गेले तरी गांव उठलें नाहीं. अकबराच्या काळीं अबुल फझलनें 'आईन-इ-अकबरी'मध्यें वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांत पवनारची गणना केली आहे, आणि तेथील उंचावरच्या किल्ल्याला तीन बाजूंनीं नद्यांचा वेढा असल्याचें नमूद केलें आहे. लोकांच्या तोंडीं मात्र राहिला तो पवन राजा. त्याच्यापाशीं परीस होता म्हणतात. शेतकऱ्यांकडून तो सारा म्हणून केवळ नांगराचे फाळ घेई आणि त्यांचें सोनें करी. गोष्ट खरी असो वा नसो, गांवाची श्रीमंती नांगरांतून येते एवढें मर्म तिच्यांत आहेच.

पुढें सत्तेनें ठाणें बदललें. १८६२ सालीं वर्धा हा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि १८६६ मध्यें जिल्ह्याच्या मुख्य ठाण्यासाठीं पालकवाडी नांवाच्या खेड्याची जागा पसंत पडली. त्या खेड्याचें आज वर्धा शहर आहे. आगगाडी तेथें आली, कचेऱ्या तेथें आल्या, कापसाचा बाजार तेथें भरला. एकेकाळची राजधानी शेजारीं खेडें होऊन राहिली. नातीच्या प्रश्नाचें उत्तर तें हेंच.

परंतु हकीकत येथें संपत नाहीं. १९३८ सालीं प्रकृति खालावलेले विनोबा धामच्या पलीकडील टेकाडावर जमनालाल बजाज यांच्या बंगल्यांत राहावयास आले. कुदळ घेऊन ते शेतांत खणूं लागले, आणि जमिनींतून जुनीं शिल्पें निघूं लागलीं. त्यांत भरत-रामाच्या भेटीचें म्हणून ओळखलें जाणारें शिल्प निघालें. तें आज आश्रमांत पूजेंत आहे. १७ ऑक्टोबर १९४० रोजीं वैयक्तिक सत्याग्रहाचा पहिला सत्याग्रही याच पवनारांतून उभा राहिला. १९४८ मध्यें गांधीजींच्या रक्षेचा अंश धामच्या पाण्यांत सोडण्यांत आला. पात्रांतील छत्री त्याची खूण आहे. १९५९ सालीं भगिनींसाठीं ब्रह्मविद्या मंदिर स्थापन झालें, आणि १५ नोव्हेंबर १९८२ रोजीं विनोबांनीं येथेंच देह ठेविला. जें गांव राजांच्या जाण्यानें विसरलें गेलें, तें एका फकिराच्या कुदळीनें पुन्हा जगाला ठाऊक झालें.

हें सर्व सांगत आम्ही नदीच्या खडकांवर उतरलों. आमच्या हातांत एक पिशवी होती. सणासुदीचें निर्माल्य, जुन्या तसबिरी, फुटक्या समया, फाटलेलीं पंचांगें हीं सारीं धामच्या पाण्यांत सोडावयाचीं, असा आमच्या घरचा कित्येक वर्षांचा रिवाज. निघतांना वडील वहिनींनीं ती आठवणीनें हातांत दिली होती. आम्ही पिशवीचें तोंड सोडलें, तोंच नात म्हणाली, "आजोबा, वर्ध्याच्या आणि आपल्या नळाला धामचेंच पाणी येतें ना?"

धामचेंच येतें. शहर आणि लगतचीं गांवें याच नदीचें उचललेलें पाणी पितात. आम्हांला उत्तर सुचेना. इतका वेळ आम्ही राजांच्या आणि संतांच्या थोरवीवर बोलत होतों. हातांत मात्र नदीला द्यावयाचा केर होता. पिशवी तशीच परत आणिली. वहिनींना काय सांगावें हा संकोच वाटेभर होता. त्यांनीं सर्व ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, "भावोजी, फुलें तुळशीच्या आळ्यांत पुरूं या. समया कांसाराकडे द्या. देव काय नदींतच आहे?" साठ वर्षांचा रिवाज एका वाक्यांत मिटला.

अमेरिकेंतील त्या शहराचें काय, किंवा पवनारचें काय, वैभव राखणें कोणाच्या हातीं नसतें. राजधान्या उठतात, बाजार हलतात, पूल झाले कीं धक्के ओस पडतात. परंतु नदी राहते, आणि तिच्याशीं कसें वागावयाचें हें प्रत्येक घराच्या हातीं असतें. वाचकहो, आपल्याही गांवाला अशी एखादी धाम असेलच. येत्या सुटींत मुलांना तिच्या कांठीं न्यावें, तिचा इतिहास सांगावा; जातांना पिशवी मात्र रिकामी न्यावी.