आधी खुर्ची उलटी करा!

जुन्या सागवानी फर्निचरला बाप शोधून देणारी एक जमात जगात आहे. डेन्मार्कची खुर्ची दिसली रे दिसली की ही मंडळी दोन पावलं मागे सरतात, डोळे बारीक करतात आणि म्हणतात, "वेग्नर!" लग्नाच्या पंगतीत अनोळखी पोराचं नाक बघून "हा देशपांड्यांचाच!" म्हणणाऱ्या आजीबाईंची रीतही हीच. फक्त आजीबाई त्याचे पैसे मागत नाहीत.

भाचीकडे कोपनहेगनला गेलो असताना मी अशा एका दुकानात शिरलो. बाकदार पाठीची खुर्ची असली की ती वेग्नरची, खुर्चीचे हात तरंगल्यासारखे वाटले की फिन यूलची. मालकाला विचारलं, "कशावरून हो?" तो म्हणाला, "रेषा बोलते." मी म्हटलं, "तिला जरा मोठ्यानं बोलायला सांगा की!" भाचीनं दंडाला धरून मला बाहेर काढलं.

पण माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. रेषा काही बोलत नाही. बोलतो तो खुर्चीचा तळ. १९५० ते १९७० या काळात हे फर्निचर जगभर जात होतं आणि चांगले कारखानदार आपलं नाव लपवत नव्हते. नील्स वोडर आपला शिक्का लाकडात डागत असे. फ्रान्स अँड सनवाले धातूची छोटी गोल चकती ठोकत. कुणी नुसता कागद चिकटवी. 'डॅनिश फर्निचर मेकर्स कंट्रोल' असाही एक गोल शिक्का सापडतो. पण तो मालाच्या दर्जाचा. त्याला कारागिराचं नाव समजणं म्हणजे पोस्टाच्या शिक्क्यावरून पत्रलेखक ओळखणं!

शिक्का नसला तरी वाटा आहेत. खणांचे कोपरे एकमेकांत कसे गुंतवलेत, स्क्रू कसले आहेत, अख्खा साग आहे की वर नुसता पातळ पापुद्रा, हे बघावं. जुन्या कॅटलॉगशी मापं ताडावीत. यात वेळ जातो, कमरेत उसण भरते. त्यापेक्षा "वेग्नर" म्हणणं केव्हाही सोपं.

आणि समजा, वेग्नरच निघाला. तरी काम अर्धंच झालं! कागदावर खुर्ची काढणारा एक आणि रंधा मारणारे दुसरे. वेग्नरची १९४९ सालची ती गोल खुर्ची, जी १९६० साली केनेडी-निक्सन यांच्या टीव्हीवरच्या वादात झळकली, ती योहानेस हान्सेनच्या कारखान्यात घडली. यूलची 'चीफ्टन'ही १९४९ चीच. ती घडवली नील्स वोडरकडे. आता आर्ने वोडर म्हणून आणखी एक आहे, तो डिझायनर. शिवाय फ्रिट्झ हान्सेन वेगळे, कार्ल हान्सेन वेगळे. आपल्याकडच्या पाटलांसारखंच की! नुसत्या आडनावावर सोयरीक जमवली तर वऱ्हाड भलत्याच मांडवात जायचं.

साग तर डेन्मार्कच्या थंडीत उगवतही नाही. तो आशियातल्या रानांतला. आलापल्लीचा साग ज्यांना ठाऊक आहे, त्या आम्हां लोकांना या बाबतीत दोन शब्द बोलायचा हक्क आहेच.

माझा राग अंदाजावर नाही. अंदाज बांधावा, पण तो अंदाज आहे असं चिठ्ठीवर लिहावं. कुणा छोट्या गावच्या सुतारानं जीव ओतून केलेल्या कपाटाला मोठं नाव चिकटवलं की किंमत वाढते आणि तो सुतार दुसऱ्यांदा मरतो. त्यातून काही दीडशहाणे माल नवा दिसावा म्हणून तळही घासून काढतात, म्हणजे उरलासुरला पुरावाही भुशात जातो. त्यापेक्षा 'डॅनिश बनावट, कारागीर अज्ञात' एवढं लिहायला कुणाची जीभ झडते? चांगली खुर्ची निनावी असली म्हणून बसणाऱ्याला टोचत नाही.

तेव्हा वाचकहो, कधी असली खुर्ची घ्यायची वेळ आलीच, तर आधी तिच्यासमोर गुडघे टेका आणि खाली वाकून बघा. बसायचं ते मग.