टॅलेंटला शेअर, मग झाडूवाल्याला काय?

आयटीत आणि स्टार्टअपमध्ये लागलेली आपली पोरं ऑफर लेटर दाखवायला येतात. पगाराच्या आकड्याखाली एक ओळ असते, ईसॉप. म्हणजे कंपनीचे शेअर ठरलेल्या किमतीला घेण्याचा हक्क. 1994 साली इन्फोसिसने ही योजना आणली, तेव्हापासून 'कामगार मालक झाला' असं कौतुकाने सांगितलं जातं.

मालक? हा हक्क पिकायला कायद्याने किमान एक वर्ष लागतं, बहुतेक ठिकाणी चार. मधेच नोकरी सोडली की न पिकलेला हिस्सा गेला. माणूस बांधून ठेवण्यासाठीच ही योजना आहे, कंपन्या ते लपवतही नाहीत. शेअर घेताना बाजारभाव आणि मोजलेली किंमत यांतला फरक पगारात धरून त्यावर कर लागतो. कंपनी शेअर बाजारात नसेल तर सहसा गिऱ्हाईकही मिळत नाही. ज्याच्या मागे जमीन, फ्लॅट, बापाची पेन्शन आहे, तो थांबू शकतो. ज्याच्या पगारावर गावचं घर आणि बहिणीचं कॉलेज चालतं, त्या पहिल्या पिढीतल्या पदवीधराने रोख पगार सोडून कागद का घ्यावा? घ्यायचाच असेल तर कंपनीचे एकूण शेअर किती आणि नोकरी सोडल्यावर किती दिवसांत ते विकत घ्यावे लागतील, हे लेखी विचारा.

पण माझा खरा आक्षेप 'टॅलेंट' या शब्दाला आहे. कालचं 'मेरिट'च आज हे नाव घेऊन आलंय. त्याच इमारतीत फरशी पुसणारे, गेटवर उभे राहणारे, कॅन्टीनची भांडी घासणारे ठेकेदाराचे असतात. कागदावर ते कंपनीचे कर्मचारीच नाहीत, म्हणून शेअर नाही. त्यांत आपली माणसं किती, हे तुम्ही रोज पाहता. मुंबईच्या गिरण्यांत जास्त पगाराचं विणकाम खातं अस्पृश्यांना बंद होतं. बाबासाहेबांनी तो प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला, तेव्हा 'कामगारांत फूट पाडतात' म्हणून ओरड झाली. आजही होईल.

काही मित्र म्हणतात, बाबासाहेबांनी 1947 साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये मूलभूत उद्योग सरकारच्या मालकीचे मागितले, मग शेअरची भाषा आपण का करावी? ती मागणी सोडायचं कुणी म्हणत नाही. पण तोवर नफ्यातला वाटा फक्त एसीत बसणाऱ्यांनी का घ्यावा? आयटीतल्या आपल्या पोरांनी युनियनच्या बैठकीत एवढं तरी मांडावं: ज्या इमारतीत ईसॉप वाटला जातो, तिथल्या ठेका कामगारांना आधी कंपनीच्या हजेरीपटावर घ्या.