विजेते की मानकरी?

फेब्रुवारी संपत आला की आमच्या नाशकात पुरस्कार, सत्कार, शाल-श्रीफळ यांची चलती असते. २७ तारखेला तात्यासाहेबांचा, म्हणजे कुसुमाग्रजांचा जन्मदिवस (१९१२). इंग्रजीत त्यांना ‘ज्ञानपीठ लॉरिएट’ म्हणतात आणि मराठीत सर्रास ‘ज्ञानपीठ विजेते’. मी अडखळते ती या ‘विजेते’पाशी.

लॉरिएट म्हणजे लॉरेलच्या पानांचा मुकुट घातलेला. हे झाड आपल्या मसालेभातातल्या तमालपत्राच्याच कुळातलं! ग्रीकांचं ते अपोलो देवाचं झाड. डेल्फीच्या खेळांत जिंकणाऱ्याला त्याच्या पानांचा मुकुट मिळे. रोममध्ये विजयी सेनापतीही तो घालत. म्हणजे मुळात शब्द जिंकण्याचाच. पण १३४१ साली रोममध्ये पेट्रार्क या कवीच्या डोक्यावर तो मुकुट चढला. पुढे इंग्लंडने १६६८ मध्ये ड्रायडनला राजकवी नेमलं, तेही ‘पोएट लॉरिएट’ म्हणून. हळूहळू शब्दातली लढाई गेली, मान उरला.

आपलं मात्र उलटं झालं. ‘पुरस्कार’ म्हणजे पुढे करणं, पुढे ठेवणं. (‘तिरस्कार’ त्याच्या अगदी विरुद्ध!) किती सुंदर अर्थ आहे.. समाज एखाद्याला आदराने पुढे बसवतो. त्याला आपण शर्यतीतला ‘विजेता’ जोडून टाकला. माझ्या भाचीने एकदा विचारलं होतं, “कुसुमाग्रज जिंकले, मग दुसरा नंबर कोणाचा?” प्रश्न चुकीचा नव्हता, आपला शब्द चुकीचा होता. १९८७ च्या ज्ञानपीठासाठी तात्यासाहेबांनी कोणाला हरवलं होतं?

आपल्याकडे ‘मानकरी’ हा अस्सल शब्द आहे. पालखीचे मानकरी, लग्नातले मानकरी. त्याला वतनदारीचा वास येतो असं कोणी म्हणेल, आणि ते खोटं नाही. पण पुरस्काराचा मान वारशाने मिळत नाही, कामाने मिळतो. तिथे हा शब्द उलट स्वच्छच होतो.

शब्दाने काय बिघडतं? बिघडतं. ‘जिंकला’ म्हटलं की लिहिणाऱ्याच्या मनात स्पर्धा शिरते, आणि वाचणारा पुस्तकाऐवजी निकाल बघतो.

कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या पुरस्काराला नाशिकचं जुनं नाव आहे, जनस्थान. १९९१ साली त्याचे पहिले मानकरी होते विजय तेंडुलकर. नावातच ‘विजय’ असलेल्या माणसाला आणखी विजेता कशाला म्हणायचं? :)

तुम्ही काय म्हणता?