ब्रेकचें तेल गेलें कोठें ?

नवरात्र जवळ आलें, कीं नांदेड-लातूरकडील ज्या घरांची कुलदेवता माहूरची रेणुका आहे, त्या घरांत प्रवासाचीं बोलणीं सुरू होतात. कोणीं कोणीं जावयाचें, बरोबर फराळाचें काय घ्यावयाचें, मुलांच्या शाळेचें काय, या सर्वांचा खल होतो. दारांत उभी असलेली जुनी गाडी गड चढेल कीं नाहीं, याचीहि चर्चा होते. ती सुखरूप उतरेल काय, हें मात्र सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. आमच्याहि आलें नव्हतें.

आमची गाडी म्हणजे मारुती ओम्नी. १९८४ सालीं ही गाडी प्रथम रस्त्यावर आली व २०१९ सालीं तिचें उत्पादन थांबलें. म्हणजे आज बाजारांत मिळेल ती प्रत्येक ओम्नी वापरलेलीच असावयाची. आम्हीं ती लातूरच्या एका गृहस्थांकडून घेतली होती. गेल्या वर्षीं माहूरला निघण्यापूर्वीं गॅरेजमध्यें दाखविली. मिस्त्रीनें ब्रेक ऑइलची डबी पाहिली, तेल कमी होतें तें भरलें, पॅडल एकदां दाबून पाहिलें व गाडी ठीक असल्याचा निर्वाळा दिला. तेल कमी कां झालें, हें त्यानें सांगितलें नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर आम्हींहि विचारलें नाहीं.

दर्शन उत्तम झालें. दत्तशिखरावरून उतरूं लागलों तेव्हां गाडी दादा चालवीत होते. मागें आई, वहिनी व तीन मुलें. दुसऱ्याच वळणावर दादा हलक्या आवाजांत मला म्हणाले, "पाय खालीं चालला आहे रे." मागच्यांस ऐकूं जाऊं नये असा तो स्वर होता. त्यांनीं पॅडल तीन-चार वेळां भराभर दाबलें, तसें तें थोडें वर आलें. लगेच गाडी पहिल्या गिअरमध्यें घेतली, आणि हँडब्रेक एकदम न खेंचतां हळूहळू ओढीत ती डोंगराच्या अंगाला नेऊन उभी केली. मीं उतरून चाकांखालीं दगड लावले. आईनें विचारलें, "कां थांबलास रे ?" दादा म्हणाले, "इंजिन जरा निवूं दे." हें खोटें होतें, व आईला तें कळलें असावें, कारण तिनें पुढें कांहींच विचारलें नाहीं. मंडळींस दुसऱ्या जीपनें खालीं पाठविलें, व गाडी दुसऱ्या दिवशीं ट्रकमध्यें घालून नांदेडास आणली.

आतां त्या तेलाविषयीं. बंद नळींतील द्रवावर दाब दिला असतां तो सर्व बाजूंस सारखाच पोंचतो, हा पास्कलचा नियम शाळेंत आपण सर्वांनीं पाठ केलेला असतो. पॅडलवरील पायाचा जोर मास्टर सिलिंडरमधून चारी चाकांस जातो तो याच नियमानें. हें तेल इंजिनच्या तेलाप्रमाणें जळत नाहीं, पेट्रोलप्रमाणें खर्च होत नाहीं. तें कमी झालें तर त्याच्या वाटा दोनच. पुढच्या चाकांचे पॅड झिजले, कीं कॅलिपरमधील पिस्टन तितका बाहेर सरकतो व त्याच्या मागची पोकळी तेल भरून काढतें. ही घट संथ, महिनोन्‌महिने चालणारी व निरुपद्रवी असते. (अशा वेळीं डबी गळ्यापर्यंत भरून ठेवणाऱ्यास, पुढें नवे पॅड बसवितांना तेल उतूं गेलेलें दिसतें. तें रंग खातें, म्हणून ताबडतोब पाण्यानें धुवावें.) दुसरी वाट गळतीची. डबी भरून देणें म्हणजे हा प्रश्न न विचारतांच मिटविणें होय, आणि आमचें नेमकें तेंच झालें होतें.

घरीं आल्यावर गाडी सपाट जागेवर घेतली, जॅकखेरीज भक्कम टेकू दिले (विटांचे नव्हेत, वीट भारानें फुटते) व एकेक चाक काढलें. डाव्या मागच्या चाकाच्या आंतल्या बाजूस ओला माग दिसला. ड्रम काढतांच सर्व उघड झालें: व्हील सिलिंडरमधील रबर फाटलें होतें व लायनर तेलांत भिजला होता. ओम्नीचीं मागचीं चाकें इंजिनाकडून फिरतात, म्हणून आंसाच्या टोकाशीं गिअर ऑइलचेंहि एक सील असतें. तें गेलें तरी ड्रम ओला होतो. परंतु तें तेल दाट व उग्र वासाचें असतें. ब्रेक ऑइल पातळ असून पाण्यांत मिसळतें. भिजलेला लायनर पेट्रोलनें पुसून, कांचकागद मारून पुन्हां बसविण्याची चाल आहे. ती सोडावी. आंत मुरलेलें तेल लायनर तापला कीं पुन्हां वर येतें. नवे लायनर दोन्ही बाजूंस एकदमच घालावे, आणि ड्रममधील भुकटी तोंडानें फुंकूं नये. जुन्या लायनरांत ॲसबेस्टॉस असूं शकतें. ती ओल्या फडक्यानें पुसावी.

गळती नसतांहि ब्रेक बिघडतो. पॅडल दाबतांना स्पंजासारखें लागलें, तर नळींत हवा शिरली आहे असें समजावें. पहिल्या दाबास खालीं व दुसऱ्यास वर येत असेल, तर बहुधा मागचे लायनर झिजून ड्रमपासून दूर राहिले आहेत. इंजिन चालू ठेवून पॅडल अर्धा मिनिट दाबून धरलें असतां तें हळूहळू खालीं जात असेल आणि तेल मात्र कोठेंच गळत नसेल, तर मास्टर सिलिंडरमधील रबर आंतल्या आंत दाब सोडीत आहे. हा दोष फार फसवा, कारण डबी भरलेलीच दिसते. पॅडल दगडासारखें कठीण झालें, तर बूस्टर किंवा त्याची हवेची नळी पाहावी. ब्रेक लावतांच गाडी डावीकडे ओढली, तर पुष्कळदां दोष उजव्या बाजूस सांपडतो. डावें चाक आपलें काम करीत असतें, उजवें करीत नाहीं.

काम झाल्यावर हवा काढावी लागते. त्यास दोन माणसें लागतात. आमच्या घरीं पुतणी पॅडलवर बसली व मी चाकाशीं. "दाब", "धर" म्हणावयाचें, निपल उघडून तेलाबरोबर बुडबुडे बाटलींत जाऊं द्यावयाचे, निपल बंद करावयाचें, आणि मगच "सोड". प्रारंभ मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या, म्हणजे डाव्या मागच्या चाकापासून करावा. मध्यें डबी रिकामी होऊं देऊं नये, नाहीं तर सर्व पुन्हां पहिल्यापासून. पुतणीनें दोनदां "धर" म्हटल्यावर सोडलें. त्यामुळें संध्याकाळ झाली.

बाटलींत आलेलें जुनें तेल चहासारखें काळपट होतें. ब्रेक ऑइल हवेंतील ओलावा शोषतें. त्यानें सिलिंडर आंतून गंजतो, गंजानें रबर कापलें जातें. दुसरा परिणाम घाटांत दिसतो. डॉट ३ जातीच्या कोऱ्या तेलाचा उत्कलनबिंदु निदान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यांत पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरल्यावर १४० अंशांची हमी उरते. डॉट ४ चे हेच आंकडे २३० व १५५. लांब उतारावर पाय सतत ब्रेकवर ठेवला, तर हें तेल उकळतें, वाफ दबते आणि पॅडल रिकामें जातें. यासाठीं दोन वर्षांनीं तेल बदलावें, व वापरलेली गाडी घरीं आणल्यावर पहिलें काम हेंच करावें. उतार खालच्या गिअरमध्येंच उतरावा. पेट्रोल वांचविण्यासाठीं गाडी न्यूट्रलमध्यें सोडणारे, किंबहुना इंजिनच बंद करणारे महाभाग आहेत. इंजिन बंद झालें, कीं दोन-तीन दाबांत बूस्टरचें साहाय्य संपतें, हें त्यांस ठाऊक नसावें.

डबीवर मीं आतां पेन्सिलीनें तारीख घालून पातळीची खूण केली आहे. परवां माहूरची बोलणीं निघालीं तेव्हां आईनेंच विचारलें, "तें तेल पाहिलेंस का रे ?" बॅटरी घेऊन पाहून आलों. पातळी खुणेवरच होती.